कंट्रोलच्या काळातला रतीब : कसब्यातल्या एका वाड्याचं प्रकरण

आज्जीच्या दुधाच्या वह्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी डेअरीच्या लॅबमधून रिटायर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बावीस वर्षं मी रोज पहाटे दुधाची सँपलं तपासली, त्यामुळे वह्या उघडल्यावर मला त्यात आज्जीचं अक्षर दिसायच्या आधी आकडे दिसले, आणि ते आकडे बघून मी ती दुपार जमिनीवरच बसून काढली.

चार वह्या आहेत. पहिली १९४१ च्या दिवाळीत सुरू होते, शेवटची १९५१ मध्ये संपते. रोजची एक ओळ, त्यात सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध आणि शेवटी काही असेल तर शेरा. आकड्यापुढे उभ्या रेघा आहेत, एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, म्हणजे १॥ असं लिहिलं असेल तर दीड शेर. दूध आलंच नाही त्या दिवशी नुसतं "खाडा". दुसऱ्या वहीच्या पुठ्ठ्याला एक सुतळी बांधलेली आहे आणि त्या सुतळीत भोकाचे तीन पैसे ओवलेले आहेत. १९४३ पासून सरकारने ते मधे भोक पाडलेले पैसे काढले, तांबं वाचवायला आणि सुट्ट्याची टंचाई होती म्हणून. आज्जी गवळ्याचा वरचा हिशेब त्या सुतळीत ओवून ठेवायची, महिनाअखेरीला सोडून द्यायची. हे तीन तसेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रेशनिंगवर, ज्याला तेव्हा सगळे कंट्रोल म्हणायचे, आपल्याकडे जे बोललं जातं ते सगळं धान्याबद्दल असतं, लाल तांदूळ, किडकी ज्वारी, साखरेची रांग, रॉकेलची रांग. दुधाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घराघरांत त्या काळाच्या सगळ्यात कडू आठवणी मात्र दुधाच्याच आहेत, कारण तान्ह्या पोराला ज्वारी देता येत नाही. म्हणून हे एकच प्रकरण मी नीट मांडतेय, एक वाडा, सात बिऱ्हाडं, एक गवळी, आणि साधारण सहा वर्षं.

वाडा कसब्यात होता. आता तिथे बिल्डिंग आहे. आज्जी १९३९ ला लग्न होऊन त्या घरात आली, आजोबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत कारकून, घरात पणजी, पणजोबा, दोन दीर, एक नणंद. रतीब घालणारा गवळी जवळच्याच पेठेत गोठा असलेला, सगळा वाडा त्याला मामा म्हणायचा, तेच मीही म्हणते. त्याच्या सात म्हशी होत्या. तेव्हाचं पुणं म्हणजे पेठापेठांतून गोठे, शिवाय मावळातून पॅसेंजरने बरण्या यायच्या आणि आजूबाजूच्या गावांतून सायकलींवर. म्हणजे शहराचं दूध असं एका जागी कुठेच नव्हतं, ते शेकडो हातांत विखुरलेलं होतं. हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावरच फिरतं.

आता वही. १९४१ च्या दिवाळीत घरचा रतीब ३ शेर, सकाळी २, संध्याकाळी १. १९४२ च्या जूनमध्ये २॥. १९४३ च्या एप्रिलमध्ये १॥. १९४४ च्या मे महिन्यात सव्वा, आणि त्या एका महिन्यात नऊ खाडे. फक्त उन्हाळ्यांचे आकडे बघितले तर वाटेल की दूध सरळ घसरत गेलं, पण तसं नाहीये. दर हिवाळ्यात ते परत वर येतं. म्हशी बहुतेक करून पावसाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीच्या आसपास वितात, त्यामुळे हिवाळ्यात दूध भरपूर आणि चैत्र-वैशाखात ओढ, डेअरीत आम्ही याला पुष्ट काळ आणि कृश काळ म्हणतो आणि हे युद्ध असो नसो दरवर्षी होतं. मी काय केलं, प्रत्येक वर्षाच्या जानेवारीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. ४२ ला ३, ४३ ला २॥, ४४ ला २।, ४५ ला २. म्हणजे ज्या महिन्यात दूध असायलाच हवं त्या महिन्यातसुद्धा दरवर्षी थोडं थोडं कमी. ऋतू वजा केला की जे खाली उरतं ते युद्ध.

मग मामाच्या गोठ्यात नेमकं काय होत होतं? आज्जीच्या शेऱ्यांत ते तुकड्यातुकड्याने सापडतं. "मामा म्हणतात पेंड मिळत नाही." "सरकी महाग." "एक म्हैस काढली." पुढे परत "म्हैस काढली." १९४४ च्या अखेरीला चार म्हशी उरल्या होत्या.

डिसेंबर १९४१ ला जपान युद्धात उतरला, मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा दहा-पंधरा लाख टन तांदूळ बंद झाला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जपान आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूसही घ्यायचा, ते गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं, कापसाखालची जमीन कमी झाली, आणि त्यात सरकारनेच धान्य पिकवा म्हणून मोहीम काढली, मुंबई इलाख्यात तर १९४४ ला अन्नधान्याची पिकं घ्यायला लावणारा कायदाच आला. धान्यासाठी ते बरोबरच होतं. पण कापूस कमी म्हणजे सरकी, म्हणजे कापसाचं बी, कमी, आणि सरकी कमी म्हणजे म्हशीच्या आंबोणातला, म्हणजे खुराकातला, जीवच गेला. शेंगदाण्याची पेंड त्याच मोहिमेत खत म्हणून शेतात जायला लागली. १९४२-४३ ला विजापूरकडे दुष्काळ, कडब्याची ओढ. एका टोकाला पोळी वाढावी म्हणून घेतलेला निर्णय दुसऱ्या टोकाला दूध आटवत होता आणि या दोन टोकांचा एकमेकांशी संबंध आहे हे हुकूम काढणाऱ्यांच्या टेबलावर कुणी मांडलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट भाकड म्हशीची. म्हैस दहा महिने गाभण राहते, त्यातले शेवटचे काही महिने दूध देत नाही, त्या काळात तिला नुसतं पोसायचं. गावात चराई असते, निभतं. शहरातल्या गोठ्यात सगळं विकत. पेंडीचा भाव चढला की गवळ्याला ती भाकड म्हैस पोसणं परवडत नाही, तो ती काढून टाकतो, आणि युद्धात मांसाला भाव होता, म्हणून ती परत गोठ्यात येत नव्हती. आज भाकड असलेली म्हैस पुढच्या दिवाळीचं दूध असते. ती गेली की पुढचा हिवाळा गेला, आणि जानेवारीच्या आकड्यात दिसतंय ते हेच. सरकारच्याही हे लक्षात आलं होतं, १९४४ मध्ये दुभत्या, गाभण आणि कामाच्या जनावरांच्या कत्तलीवर बंधनं आली. पण मामाच्या तीन म्हशी तोवर गेलेल्या होत्या.

तिसरी गोष्ट सायकल. मलाया पडल्यावर रबर संपलं, टायर मिळेना. मामाचा भाचा हडपसरकडून सायकलवर दूध आणून मामाला द्यायचा, त्याने घरच्या दुधात भर पडायची. ४३ च्या पावसाळ्यात शेरा आहे, "भाच्याची सायकल बंद, टायर नाही." एका टायरमागे वाड्यातलं किती दूध कमी झालं ते पुढच्या ओळींत दिसतं, आमच्या घरचंच पाव शेर.

आणि चौथी, ज्याने खरं घर फोडलं असतं, ती म्हणजे मागणी. लष्कराच्या सदर्न कमांडचं ठाणं पुण्यातच, कँप, खडकी, देहूरोड, सगळीकडे माणसं वाढली. लष्कराची स्वतःची डेअरी होती, पण माणसं वाढली की चहाची दुकानं वाढतात, खाणावळी वाढतात, मिठाई खपते. लोकांच्या हातात नोटा आल्या होत्या, देशात फिरणाऱ्या नोटा युद्धाच्या सहा वर्षांत सहा पटींच्या आसपास गेल्या, घाऊक भाव अडीच पटीच्या घरात. आजोबांना महागाई भत्ता मिळायचा, पण तो भावाच्या मागून धापा टाकत यायचा. हॉटेलवाला मामाला रोख द्यायला तयार होता, महिनाअखेरची वाट न बघता.

आता कंट्रोल. युद्धकाळासाठी केलेल्या डिफेन्स ऑफ इंडिया रूल्समधल्या ८१ व्या नियमाने सरकारच्या हातात सगळं होतं, भाव बांधा, साठे तपासा, ने-आण थांबवा. डिसेंबर १९४२ ला दिल्लीत अन्नखातं निघालं. मुंबईत २ मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी सरकारने धान्याच्या धोरणासाठी नेमलेल्या ग्रेगरी समितीने सांगितलं की लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग करा आणि मोठ्या माणसाला रोज एक पौंड धान्य मिळेल असं बघा. पुणं तर अडीच लाखांच्या वर होतं, इथेही कार्डं आली. बंगालमध्ये त्याच वर्षी माणसं रस्त्यावर मरत होती, तसं आपल्याकडे झालं नाही, याचं बरंच श्रेय त्या कार्डांना आहे असं मी मनापासून मानते. धान्य खराब असायचं, खडे असायचे, रांगेत दिवस जायचा, पण मिळायचं. आज्जी शेवटपर्यंत म्हणायची, "कंट्रोलला शिव्या सगळ्यांनी घातल्या, पण कंट्रोलनेच जगवलं."

पण आमच्या घरच्या कार्डावर दुधाचा रकाना नव्हता.

का नव्हता ते मला नोकरीमुळे नीट कळतं. ज्वारीचं पोतं गोदामात सहा महिने थांबतं, त्याला शिक्का मारता येतो, मोजता येतं, एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्या जिल्ह्यात टाकता येतं. दूध उन्हाळ्यात चार-पाच तासांत नासतं. बर्फ नाही, कूलर नाही, पाश्चरायझेशन नाही, आणि दूध शेकडो गवळ्यांच्या चरव्यांमध्ये. रेशनिंग करायचं तर आधी ते सरकारच्या हातात यायला हवं, आणि ते येणार कसं?

मग वाटतं की निदान भाव तरी बांधावा. दुधाचा भाव बांधणं हा सगळ्यात सोपा दिसणारा उपाय आहे आणि सगळ्यात फसवा. दूध फक्त दूध म्हणून विकलं जात नाही. त्याचा खवा होतो, चक्का होतो, लोणी होतं, तूप होतं. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा निघतो, तो काही दिवस टिकतो, ट्रंकेत घालून नेता येतो, आणि पेढ्याच्या भावाला कुणी विचारत नाही. तुम्ही दुधाला दोरी लावली आणि खव्याला मोकळं सोडलं की दूध रातोरात कढईत जातं. आणि समजा खव्यालाही लावली आणि पेंडीला मोकळं सोडलं, तर गवळ्याने बांधलेल्या भावात दूध विकून चढ्या भावात पेंड घ्यायची, म्हणजे तो म्हैस विकणार. तिन्ही ठिकाणी एकदम हात घालायला हवा, नाहीतर कुठेच घालू नये, हे माझं मत आहे आणि माझ्या नोकरीतसुद्धा खरेदी भावाच्या भांडणांत मी हेच दर दोन-तीन वर्षांनी बघत आले.

आणखी एक वाट असते, पाण्याची. १९४३ च्या वैशाखात वहीत अकरा वेळा "पाणचट" असं लिहिलंय. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण मामाबद्दल घरात नेहमी चांगलंच ऐकलं होतं. पणजीने त्याला ओट्यावर बसवून विचारलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, "वहिनीबाई, पाणी घातलं नाही तर सात घरांना पुरत नाही, एकाला पुरं द्यायचं तर दुसऱ्याला नाही म्हणायला लागतं, ते माझ्याच्याने होत नाही." त्याचा त्रास मला समजतो. तरी तो चुकला असंच मी म्हणीन. विहिरीचं पाणी घातलेलं दूध तान्ह्या मुलाच्या पोटात जातं तेव्हा कमी दूध बरं असं म्हणायची वेळ येते, हगवणीने मुलं जायची त्या दिवसांत. पणजीने त्याला तेच सांगितलं, कमी दे पण निर्भेळ दे, वाटणी आमच्यावर सोड.

(भेसळीचा कायदा नव्हता असं नाही, मुंबई इलाख्याचा १९२५ चा होता. पण दुधमापक बुडवून भेसळ पकडायला गेलात तर सराईत माणूस फसवतो. साय काढली की दुधाची डिग्री, म्हणजे दुधमापकावरचा घनतेचा आकडा, वर जाते, पाणी घातलं की खाली येते, दोन्ही बेताने केलं की डिग्री अगदी शुद्ध दुधासारखी. फॅट किती आहे ते मोजल्याशिवाय हे कळत नाही, त्याला गर्बरची नळी, अॅसिड, सेंट्रिफ्यूज लागतं, आणि ते रस्त्यावर प्रत्येक बरणीला कोण लावणार. आम्ही लॅबमध्ये ट्रेनीला पहिल्याच आठवड्यात हे करून दाखवायचो.)

आता प्रकरणाचा मुख्य भाग.

१९४४ च्या एप्रिलमध्ये वाड्यात तीन तान्ही मुलं होती, त्यातली एक माझी मोठी आत्या, सात महिन्यांची. एका बिऱ्हाडात बाळंतीण येऊन राहिली होती. एक मुलगा विषमज्वरातून उठत होता, डॉक्टरांनी दूध आणि मोसंबी सांगितलेली. आणि मामाचं दूध सात घरांना मिळून आधीच्या निम्म्यावर आलेलं. तोवर प्रत्येक बिऱ्हाड आपापला रतीब घेत होतं, म्हणजे ज्याचा रतीब मोठा त्याला कमी होऊनही बरंच मिळायचं, ज्याचा मुळातच अर्धा शेर त्याच्या पदरात पावशेर. तान्हं मूल कुणाकडे आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पणजीने सातही घरच्या बायकांना दुपारी चौकात बोलावलं. तिथे ठरलं की उद्यापासून मामाने सगळं दूध एकाच चरवीत ओतायचं, पणजीच्या ओट्यावर, आणि ती मापाने वाटणार. पैसे आपापले, जितकं मिळालं तितक्याचे. क्रम असा ठरला की आधी वर्षाच्या आतलं मूल ज्याच्या आईला पुरेसं दूध नाही, मग बाळंतीण, मग आजारी, मग पाच वर्षांपर्यंतची मुलं, आणि उरलं तर चहाला. उरलं नाही तर कोरा चहा. हा क्रम आज्जीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, खाली सात घरांच्या खुणा, नावं नाहीत, "माडीवरचे", "विहिरीजवळचे", "दिंडीशेजारचे" असं.

हे पान मी कितीतरी वेळा वाचलंय. ब्रिटनमध्ये जुलै १९४० ला राष्ट्रीय दूध योजना सुरू झाली, पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरच्या थोडं वर, दूध स्वस्तात, गरिबांना फुकट, आणि पुढे १९४१ च्या अखेरीपासून दुधाची वाटणीच अशी लावली की आधी मुलं, बाळंतिणी, आजारी, आणि बाकी मोठ्यांना आठवड्याला दोन-तीन पाइंट. कसब्यातल्या चौकात बसलेल्या चौथी पास बायकांना हे माहीत असायचं कारण नाही, पण क्रम जवळपास तोच निघाला. फरक फक्त एवढा की तिकडे १९३३ पासून मिल्क मार्केटिंग बोर्ड होतं, शेतकऱ्यांचं दूध त्याच्यामार्फत जायचं, म्हणून सरकारला क्रम लावता आला. इकडे सगळ्या पुण्यातलं दूध एका चरवीत ओतणारी पणजी नव्हती.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग माडीवरच्यांनी मोडलं. त्यांच्याकडे पैसा होता, यजमान कंत्राटात होते, घरात पाहुण्यांची ये-जा, आणि त्यांनी मामाला गोठ्यावर गाठून वरचे पैसे देऊन अर्धा शेर परस्पर घ्यायला सुरुवात केली. चरवीत दूध कमी भरायला लागलं. पणजीने मापावरून ओळखलं, मामाला विचारलं, आणि मामाने लगेच कबूल केलं, तो खोटं बोलू शकणारा माणूसच नव्हता. दुपारी परत चौकात बैठक. दोन-तीन बायकांचं म्हणणं की माडीवरच्यांना वाटणीतून काढा, घेऊ देत बाहेरून. पणजी म्हणाली, "त्यांच्याकडे तीन वर्षांचं पोर आहे. त्याचं माप त्याला मिळणार. मोठ्यांचं बंद." आणि तसंच केलं. रोज सकाळी पणजी त्या पोराला ओट्यावर बोलवायची आणि तिथेच तिच्यासमोर प्यायला लावायची, म्हणजे ते दूध घरात नेऊन चहात जायला नको. आठवड्याभरात माडीवरच्या काकू स्वतः खाली आल्या. काय बोलणं झालं ते आज्जीलाही कळलं नाही, पण वहीत त्या तारखेला लिहिलंय, "आजपासून चरवी पूर्ण."

मामाचा फायदा काय होता यात? हा प्रश्न मला डेअरीवाली म्हणून आधी पडला, कारण नुसत्या भल्या मनावर रतीब सहा वर्षं टिकत नाही, हॉटेलवाला रोख देत होता. उत्तर वहीत सापडलं. १९४४ च्या जूनपासून एक नवीन खर्च दिसतो, "मामा, पेंड". आजोबांनी आणि वाड्यातल्या दोघांनी मिळून मामाला पेंडीसाठी उचल द्यायला सुरुवात केली होती, पेंड कुठे आलीय याची बातमी लागली की महिन्याभराच्या दुधाचे पैसे आधीच द्यायचे, तो पोतं उचलणार, आणि बिलातून वळतं होणार. शिवाय सात घरांचं भाताचं पेज, भाजीची देठं, ताकाचं पाणी, सगळं एका घमेल्यात त्याच्यासाठी जमा व्हायचं. हॉटेलचे पैसे जास्त होते, पण हॉटेलवाला पेंडीला उचल देत नव्हता आणि म्हैस आटली की दुसऱ्या गवळ्याकडे जायचा. आज कुठल्याही दूध संघाचा माणूस हे वाचून ओळखेल, पशुखाद्य उधारीवर द्यायचं आणि दुधाच्या पगारातून कापायचं, सगळी गणितं याच्यावर चालतात. त्या वाड्याने ते गरजेपोटी शोधलं.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो का? दिसतो, पण थोडा. १९४५ च्या जानेवारीत घरचा आकडा २ वर आला आणि १९४६ च्या जानेवारीतही २ च राहिला, घसरण थांबली. मामाच्या चार म्हशी चारच राहिल्या, एक भाकड असताना तिला भाच्याच्या गावी नेऊन ठेवलं आणि व्यायल्यावर परत आणली. यात वाड्याची हुशारी किती आणि युद्ध संपल्याचा भाग किती हे मी वेगळं काढू शकत नाही, ४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपलंच. खाडे मात्र नक्की घटले, ४४ च्या मे मध्ये नऊ, ४५ च्या मे मध्ये दोन. आणि ती तिन्ही तान्ही मुलं जगली. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे.

जे चुकलं तेही लिहिते. वाड्यात कामाला येणारी बाई होती, तिलाही लहान मूल होतं, ती त्या यादीत नव्हती. वहीत दोन ठिकाणी "बाईंच्या मुलास पाव" असं आहे, म्हणजे कुणीतरी आपल्या वाटणीतलं दिलं, पण तिचा हक्क म्हणून माप नव्हतं. मी आज्जीला हे विचारलं होतं, तिच्या शेवटच्या वर्षात. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तेव्हा सुचलं नाही गं. सुचायला हवं होतं." भिंतीच्या आतल्या माणसांपुरता विचार करणारी कुठलीही व्यवस्था इथेच अडते, आणि म्हणूनच हे काम वाड्यांवर सोडून चालत नाही, शहराने करायला लागतं.

मुंबईने ते करायचा प्रयत्न केला. १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम निघाली, आणंदकडचं दूध पोलसन या खाजगी डेअरी कंपनीमार्फत पाश्चराइज करून रेल्वेने चारशे-सव्वाचारशे किलोमीटर मुंबईला. शहराला दूध मिळालं, पण आणंदच्या शेतकऱ्याने कुणाला आणि काय भावाने विकायचं हे त्याच्या हातात राहिलं नाही. जानेवारी १९४६ ला समरखा गावात सभा झाली, शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध बंद केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खेडा जिल्ह्याचा दूध संघ रजिस्टर झाला, ज्याचं पुढे अमूल झालं. म्हणजे आपल्या देशातली सगळ्यात मोठी दुधाची चळवळ युद्धकाळातल्या एका शहराच्या टंचाईतून आणि ती भागवायच्या एकतर्फी पद्धतीतून उभी राहिली. त्याच सुमारास मुंबईची दूध योजना चालवणाऱ्या दारा खुरोदींनी टोन्ड दूध काढलं, म्हशीच्या सात टक्के फॅटच्या दुधात पाणी आणि बाहेरून आलेली स्किम पावडर मिसळून तीन टक्क्यांवर आणायचं, म्हणजे दूध वाढतं, स्वस्त होतं आणि मुलाला लागणारं प्रोटीन जवळपास तेवढंच राहतं. मामाने चरवीत विहिरीचं पाणी घालून जे चोरून आणि धोक्याचं केलं तेच इथे उघडपणे, तपासून, तापवून केलं होतं. मला हे नेहमी फार मोठं वाटत आलंय.

पुण्यात युद्ध संपून काही सुटलं नाही. १९४६ ला धान्याचं माप एक पौंडावरून १२ औंसांवर, म्हणजे पाऊण पौंडावर आलं, म्हणजे शांतता आली आणि ताट लहान झालं. १९४७ मध्ये गोरवाला आणि आपल्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ यांच्या कमॉडिटी प्राइसेस बोर्डाचं, म्हणजे भावांबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळाचं, म्हणणं होतं की कंट्रोल एकदम काढू नका. डिसेंबर १९४७ पासून कंट्रोल उठायला लागले, भाव उसळले, आणि १९४८ च्या शेवटी परत लावायला लागले. आज्जीच्या वहीत ४८ च्या उन्हाळ्यात दुधाच्या ओळीशेजारी पेंडीचा खर्च परत चढलेला दिसतो. त्या उन्हाळ्यात चरवीची वाटणी पुन्हा सुरू केली होती, फक्त दोन महिने. मागच्या पानावरची यादी तीच, वयं बदललेली, आत्याच्या खुणेवर काट मारून तिथे माझ्या काकाची खूण.

आणि त्या यादीच्या तळाशी, वेगळ्या शाईत, एक आठवी ओळ आहे. "बाईंचा मुलगा, पाव."

शेवटची नोंद १९५१ च्या मार्चमधली. मामाने गोठा उठवायचं ठरवलं, गुडघे गेले होते, भाचा गावाला शेती बघत होता. उचलीपैकी मामाकडून थोडे पैसे येणं बाकी होतं. आज्जीने ती रक्कम लिहून त्याच्यापुढे आडवी रेघ मारली आहे आणि लिहिलंय, "मामांचे चुकते झाले." पैसे आल्याची नोंद कुठेच नाही.